रुईला पाणी

भिमाजी आमच्या सांगवीचाच, पिंपरीला नव्या कारखान्याच्या बांधकामावर विटा वाहायचा. तिशी उलटली तरी बिनलग्नाचा, आणि मनात एकच बाई, गावातलीच रंभा. ती माझी शेजारीण. नवरा पटकीने गेला, तेव्हा तिचं कुंकू गेलं आणि गावाला चघळायला विषय मिळाला.

देवळातल्या बुवांनी भिमाजीला सगळ्यांदेखत सुनावलं, "वासनेमागं गेलास तर जन्ममरणाच्या फेऱ्यात अडकशील. तिचं पूर्वजन्मीचं पाप तुलाही गिळेल."

बुवांची स्वतःची ही दुसरी बायको, पण ते बहुधा धर्माला धरून असावं! भिमाजी एवढंच म्हणाला, "ती मला हवी हाय, बुवा. खोटं कशाला बोलू?" मला तो तिथेच आवडला.

बिनलग्नाच्या पुरुषाने विधवेशी पाट लावायचा, तर आमच्याकडे आधी त्याचं रुईच्या झाडाशी लग्न लावत. मग झाडाच्या मुळावर कोयत्याचा घाव घालत. झाड वाळलं, की बाईचं कर्म त्याच्यावर गेलं आणि नवरा वाचला. भिमाजीने ओढ्याकाठच्या रुईला हळद लावली, थोरल्यांनी घाव घातला, आणि दुसऱ्या दिवशी रंभेशी पाट लागला.

रंभा घरात आली, पण अंथरूण वेगळं. "रुई वाळू द्या," म्हणायची. "एकाला खाऊन बसलीया मी." ती येताजाता झाड बघून यायची. वाळायचं सोडून त्याला नवी पालवी फुटली. रंभेची पाचावर धारण बसली. नवरा जगावा म्हणून तिने माहेरी जायला बोचकं बांधलं, आणि वाटेत झाड शेवटचं बघायला मला घेऊन ओढ्यावर गेली.

तिथे भिमाजी बसला होता. मुळावरच्या घावाला ओली माती थापत होता, शेजारी पाण्याची घागर. रुईला पाणी! उकिरड्यावर माजणारं झाड ते. मला हसू आलं, रंभेला संताप.

"मरायचंय व्हय तुमास्नी?"

भिमाजी चिखलाच्या हातांनी उठला. "मला तू हवी व्हतीस. त्यापायी हिनं का मरावं? हळद लावलीया मी हिला. तुझं कर्म काय असंल ते माझ्या माथी येऊ दे. पण हिला मारून संसार केला, तर ते पाप माझं सोताचं."

रंभेने त्या पालवीकडे बघितलं. मग बोचकं माझ्या हातात दिलं, घागर उचलली आणि उरलेलं पाणी बुंध्यात ओतलं.

"थोरलीचं एवढं करता," ती म्हणाली, "मला सांगायचं तरी. चला घरी."