डोळ्यात तेल

पंचांच्या पायाला जन्मापासून भिंगरी. फुटबॉलच्या मैदानावर तिचं कौतुक होई. अंथरुणावर तीच भिंगरी जीव खाते, हे त्यांना डोळ्यांवर लेझर करून घेतल्यावर कळलं.

चष्मा भलताच जाड होता. निर्णय बरोबर असला तरी कडेचे लोक ओरडायचे, "पंच, आधी काच पुसा!" आता मोठ्या सामन्यांसाठी पंच निवडायचे होते, आणि पहिलीच चाचणी नजरेची, तीही चष्म्याविना. वय उताराला लागलेलं. ही संधी हुकली की जन्मभर शाळेच्या मैदानावर शिट्ट्या फुंकायच्या. म्हणून हा सगळा खटाटोप.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. बुबुळावरचा पापुद्रा काढून लेझर मारलंय, तो नव्यानं धरेपर्यंत वर पातळ लेन्स बसवलीय. वेळेवर थेंब घाला, डोळे मिटून पडा, चोळू नका. मग त्या सोबत आलेल्या आत्याकडे वळल्या. "यांचा हात सारखा डोळ्याकडे जाईल. डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा."

पंचांना लहानाचं मोठं केलं ते या आत्यानंच. ती कानांनी जरा कमी. तिनं मान डोलावली आणि अर्धंच वाक्य घरी आणलं.

घरी पंचांना चैन पडेना. डोळे खुपत, गळत, उजेड टोचे. तरी "बघू तरी" म्हणत पापणी उचलायची आणि समोरचं कॅलेंडर वाचायचं. सकाळी दिसलेला आकडा दुपारी विरघळलेला. मग कूस बदलणं, पुन्हा पापणी वर.

"अरे, पेरलेलं उकरून बघशील तर उगवेल कसं?" आत्या म्हणे. पण ऐकतो कोण!

दुसऱ्या दिवशी तापलेल्या तेलाचा वास आला. आत्या वाटी घेऊन उशाशी उभी.

"जरा निवू दे, मग घालते डोळ्यात. बाईंनीच सांगितलंय."

पंचांनी उशीखालची शिट्टी काढून जिवाच्या आकांतानं फुंकली. "फाऊल! आत्या, वाटोळं करतेस का माझं? तसं नुसतं म्हणतात गं! एवढंही कळत नाही?"

वाटी खणकन पडली. आत्यानं फरशी पुसली, उशाशी बसली आणि डाव्या हातानं त्यांची दोन्ही मनगटं धरून ठेवली. पंचांनी चुळबुळ करून पाहिली, चिडून पाहिलं. पकड सुटली नाही. शेवटी त्यांना झोप लागली. लेन्स काढेपर्यंत रोज हेच चाललं.

"पापुद्रा छान धरलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नजर आता हळूहळू निवळेल. चाचणीपर्यंत काळजी नको."

पंच घरी आले ते उड्या मारतच. दारातूनच कॅलेंडर पाहिलं. आकडे थोडे धूसर, पण वाचता येत होते! मग नजर पलीकडे गेली. आत्या भांडी पुसत होती. उजव्या हातावर, अंगठ्यापासून मनगटापर्यंत, भाजल्याचा काळा पट्टा. कडेनं गुलाबी कातडी धरू लागलेली.

"हे कधी झालं?"

"तू शिट्टी मारलीस तेव्हा."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर डोळे उघडून बघायला उठला असतास."

पंचांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोळे भरून आले, आणि पुसायला हात वर गेला.

"फाऊल," आत्या म्हणाली.