पिवळ्यांना वाजवलेल्या टाळ्या

आमच्या गावची हॉकीची टीम मागच्या उन्हाळ्यात बियाण्याच्या एका कंपनीने घेतली. घेतली म्हणजे नेमकं काय झालं, हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. गावात पेढे वाटले, मीही खाल्ले.

जिंतूर तालुक्यात कबड्डी सगळीकडे खेळतात. हॉकी आमच्याच गावात आली, कारण शाळेत खेळाचे एक सर होते आणि निवृत्त होईपर्यंत ते दुसरं काही शिकवायला तयारच नव्हते. टीमचे शर्ट पिवळे. का पिवळे, तर पहिल्या वर्षी जिंतूरच्या दुकानात एकाच रंगाचं सगळ्यांना पुरेल एवढं कापड तेच निघालं. माझा मोठा भाऊ, दादा, गोल सांभाळायचा. त्याचे पायाचे पॅड वहिनीने गोणपाटात कापूस भरून शिवले होते. मी कधी खेळले नाही. गोलाच्या मागे बाभळीखाली बसून बघायचे. दादा सारखा ओरडून पोरांना जागा सांगायचा, त्यामुळे चेंडू कुठून येणार हे मलाही आधी कळायचं.

सामने दसरा आणि दिवाळीच्या मध्ये व्हायचे. तोवर सोयाबीन निघालेलं असायचं आणि ऊसतोडीच्या टोळ्या अजून निघालेल्या नसायच्या. सामने संपले की ट्रॅक्टर लागायचे आणि टीमच्या निम्म्याहून जास्त पोरांसकट गाव कारखान्यांकडे जायचं. ही वेळ कुणी ठरवलेली नव्हती. ती तशीच चालत आली होती.

कंपनीने नव्या स्टिका दिल्या, बूट दिले. सगळ्यात खूश दादा होता. मग कळलं की सामने आता जानेवारीत होणार, कारण दिवाळीच्या आधी कंपनीच्या माणसांना फुरसत नसते. खेळाडूंची निवड डिसेंबरात. डिसेंबरात दादा आणि वहिनी उसाच्या फडात असतात. दादाने एकट्यानेच मागे राहावं, तर तोडीला जोडी लागते. एकट्या वहिनीला टोळीत कुणी घेत नाही.

निघायच्या आधी दादा मला म्हणाला, "तू कॉलेजात हायस. तुझ्यासंगं नीट बोलतील ते. इच्यारून बघ, माझी एकट्याची निवड आधी करतेत का. सामन्यापुरता मी फडावरनं येईन."

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे जिथे कुठे बोलायचं असतं, तिथे मला पाठवतात. कंपनीचं ऑफिस परभणीत, माझ्या होस्टेलपासून चालत जाण्यासारखं. मी वाक्यं पाठ करून गेले आणि त्यातली अर्धीच बोलले. साहेब चांगले होते. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि समजावून सांगितलं की एकासाठी वेगळी निवड केली तर सगळ्यांसाठी करावी लागेल.

"टीम तुमचीच आहे, ताई," ते म्हणाले. "आम्ही फक्त चालवतो."

निघताना त्यांनी मला कंपनीची निळी टोपी दिली. मी थँक्यू म्हणाले. फोनवर दादाला सांगितलं तर तो फक्त "बरं" म्हणाला. मला राग यायला हवा होता, असं अजूनही वाटतं. तो आला नाही. मी ती टोपी पिशवीत ठेवली आणि लायब्ररीत जाऊन बसले.

जानेवारीत जिंतूरला सामना झाला. मी परभणीहून एसटीने गेले. गावाकडून तोडीला न जाणारे, स्वतःची जमीन कसणारे लोक आले होते. माझे चुलतेही होते. कंपनीने मैदानापासून लांब मंडप टाकला होता, खुर्च्या मांडल्या होत्या; तिथून पोरांचे चेहरे नीट दिसत नव्हते. आमच्या टीमसमोर सेलूची टीम होती. आमच्या टीमला कंपनीने आपल्या रंगाचे निळे शर्ट दिले होते, आणि सेलूच्या पोरांनी पिवळे घातले होते. खेळ सुरू झाला तसे आमचे लोक पिवळ्यांना टाळ्या वाजवायला लागले. निळी टोपी माझ्या पिशवीत होती, तरी मीही वाजवल्या.

"पोरं अंगानं भरलीत," चुलते म्हणाले. "कंपनीचं खाणं लागलं जणू."

निळ्यांनी गोल केला तेव्हा आमचा मंडप गप्प होता. मग भोंग्यावरून कंपनीचं आणि त्याला जोडून आमच्या गावाचं नाव पुकारलं गेलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"मंग ह्ये पिवळे कोन हायत?" मागच्या रांगेतल्या शेजारच्या मावशीने विचारलं.

"सेलूचे," कुणीतरी म्हणालं.

मग चुलते हसले. "ह्यास्नीबी वळखत न्हाई आन् त्यास्नीबी न्हाई. पिवळंच बरं हाय." आणि ते पुन्हा पिवळ्यांना टाळ्या वाजवायला लागले. बाकीच्यांपैकी काहींनी निळ्यांना वाजवल्या, काहींनी हात मांडीवर ठेवले. निळ्यांमध्ये आमच्या गावचं एकही पोरगं नव्हतं; तोडीला न गेलेल्यांपैकीही कुणाला घेतलं नव्हतं.

मी निळ्यांच्या गोलाकडे बघत राहिले. गोलात बाहेरगावचा एक मुलगा होता. त्याचे पॅड दुकानातले होते. तो ओरडत नव्हता, पण खेळत चांगला होता, अगदी चांगला. त्याच्याबद्दल काहीतरी वाईट वाटून घ्यावं म्हणून मी शोधत होते आणि मला ते सापडत नव्हतं. निळे जिंकले. फटाके वाजले. पाण्याची बाटली आणि बिस्किटाचा पुडा सगळ्यांना मिळाला.

संध्याकाळी मी होस्टेलवर पोचले आणि दादाचा फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता.

"गोलात कोन हुतं?"

मी सांगितलं.

"कसा खेळला?"

खोटं बोलावं असं मनात आलं होतं. "चांगला खेळला," मी म्हणाले.

"लय चांगला?"

"हो."

पुढच्या वर्षी निवड कधी आहे, हे मी मंडपातल्या कंपनीच्या माणसाला विचारून ठेवलं होतं. दादाने पुढे तेवढंच विचारलं. मी म्हणाले, डिसेंबरातच, आता दरवर्षी डिसेंबरातच.

"मंग न्हाई जमत," तो म्हणाला. "गाडी भरायलेत, ठिवतो."

फोन ठेवल्यावर मी खाटेवर बसले. आता रडू येईल असं वाटून जरा वाट पाहिली. मेसची घंटा झाली. खोलीतली मैत्रीण म्हणाली, चल, भाजी संपते. मी ताट घेऊन तिच्या मागे गेले.