बेटावरच्या घरातला आग्रह

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी लीड्सच्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे. नाइट शिफ्ट्स करून इतकी दमलेली असते की भूत समोर आलं तरी म्हणेन, आज नको, उद्या ये.

आई गेल्यावर बाबा साताऱ्याहून माझ्याकडे राहायला आले. निवृत्त इतिहासशिक्षक. आल्यापासून जेवण जवळजवळ बंद... दोन घास खायचे की ताट सरकवायचे. वजन उतरत चाललं होतं. रागावून झालं, रडून झालं. शेवटी म्हटलं, आयुष्यभर वर्गात अश्मयुग शिकवलं, ते तरी दाखवू. म्हणून जूनमध्ये ऑर्कनीला गेलो. स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडची बेटं, तिथून पुन्हा बोट, मग एक चिमुकलं बेट. समुद्राकाठी पाच हजार वर्षांपूर्वीचं दगडी घर – छप्पर नाही, पण भिंती, फडताळं, धान्य दळायचा दगड, सगळं जागच्या जागी. आत वाकून जावं लागतं. आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं.

बाबांना आत बसवलं, पोळीभाजीचा डबा पुढ्यात ठेवला आणि गाडीतून त्यांची शाल आणायला गेले. परतले तर आतून आवाज –

"अहो, पुरे... नको, खरंच नको. बरं, थोडंसंच वाढा."

वाकून पाहिलं. बाबा मांडी घालून बसलेले, दोन्ही हात पुढे आडवे धरलेले, पंगतीत वाढप्याला थांबवताना धरतात तसे. आणि चक्क हसत होते!

"बाबा, कोणाशी बोलताय? आई दिसली का?"

"छे गं. तुझ्या आईला मी कधी अहो म्हणालोय का? या इथल्या बाई. जेवल्याशिवाय सोडतच नाहीत."

आत कोणी नव्हतं. भास असेल म्हणून डबा उघडला. पोळ्या भरल्या तशाच. पण बाबांच्या मिशीला पेजेसारखं जाडंभरडं काहीतरी चिकटलं होतं, बोटांना धुराचा वास येत होता. त्यांनी समाधानाने ढेकर दिला.

संध्याकाळी गेस्टहाउसच्या म्हाताऱ्या मालकीणबाईंना हे सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "इथल्या टेकाडांखाली राहणारे अदृश्य लोक उपाशी माणसाला जेवू घालतात, असं माझी आजी सांगायची. पण डियर, त्यांचं खाल्लं की मग घरचं गोड लागत नाही."

मी कसनुशी हसले. मनात म्हटलं, कर्म माझं.

लीड्सला आल्यावर बाबांनी ते दोन घासही सोडले. टेस्ट्स केल्या, सगळ्या नॉर्मल. "राग मानू नकोस, पण चवच लागत नाही. पुन्हा तिथे जाऊ या," म्हणतात. राग येतोच हो! शिफ्टवरून येऊन स्वयंपाक मी करायचा, आणि आग्रह त्या बाईचा मानायचा!

त्यांच्या मिशीला काय लागलं होतं, ते शोधायचं त्राणही नाही. जिथे जेवतील तिथे न्यायचं, एवढंच कळतं. काल तिकिटं काढायला बसले, तर बाबा शेजारी येऊन हळूच म्हणाले, "माझं फक्त जायचं काढ गं. परतीचं नको."

मी दोघांचंही परतीचं काढलंय. त्यांना अजून सांगितलेलं नाही.