पोट बांधणाऱ्या मावशी

"श्वास सोड... आता धर!" असं म्हणत मावशी पाय रोवायच्या आणि जुन्या लुगड्याचा पट्टा बाळंतिणीच्या पोटाला असा आवळायच्या की डोळ्यांपुढे काजवे चमकावेत. "घट बांधल्यार पोट जाग्यार रवता गो बाय!" तुमच्याही घरी अशी कुणी येऊन गेली असेल, तर हा आवाज ओळखीचा वाटेल.

पन्नासच्या दशकात आम्ही घाटकोपरला चाळीत राहायचो. आमच्या सासूबाई कुणाचं ऐकत नसत, पण बाळंतिणींना तेल लावायला येणाऱ्या या कोकणातल्या मावशींपुढे त्याही गप्प.

थोरल्याच्या वेळी पंधरवड्यातच माझ्या उजव्या मांडीला बाहेरच्या अंगाने मुंग्या येऊ लागल्या. मग आग. मग काहीच नाही. चिमटा काढला तरी कळेना. "अंगावरून वारं गेलं की काय!" सासूबाई रडवेल्या झाल्या. मी तर बाळाला उचलायलाही भिऊ लागले.

डॉक्टर घरी आले. पट्ट्याने कमरेच्या हाडाशी मांडीची नस दाबली गेली होती, बाकी काही नव्हतं. "एवढं घट्ट कुणी बांधलं?" त्यांनी विचारलं.

सासूबाई छताकडे बघू लागल्या. मावशींचं घर या कामावर चालायचं. त्यांचं नाव कुणीच घेतलं नसतं. पण तेलाची वाटी घेऊन दाराशी उभ्या असलेल्या मावशी स्वतःच पुढे झाल्या. "मियां बांधलंय. माझी चूक."

पट्टा त्यांनीच सोडला. चहा न घेता निघाल्या, त्या आठवड्यात बांधलेल्या इतर बाळंतिणींचे पट्टे सैल करायला. एका घरी आजेसासूने सुनावलं, "म्हाताऱ्या झालात, उद्यापासून येऊ नका." मावशींनी ऐकून घेतलं, पण पट्टा सैल केल्याशिवाय उठल्या नाहीत.

माझ्याकडे मात्र रोज यायच्या. मांडीवर नख टेकवायच्या.

"लागता?"

"नाही हो, मावशी."

मग तेल चोळायच्या. असे कितीतरी आठवडे गेले.

आता मावशी नाहीत. मांडीची आग मी केव्हाच विसरले, पण भरल्या घरात चूक कबूल करणाऱ्या त्या बाईचे उपकार विसरणं शक्य नाही. आणि ती सकाळही. नख टेकलं आणि मी ओरडलेच, "आई गं! हळू ना, मावशी!"

शेजारणी धावत आल्या. मावशी जमिनीवर बसून, तेलकट हातांनीच डोळे पुसत, एकेकीला सांगत होत्या, "हिका दुखला गो! हिका दुखला!"