पाहुणी म्हटलं तर बिघडलं कुठे

शाळेच्या तक्रारपेटीची किल्ली माझ्याकडे होती. महिन्यातून एकदा पेटी उघडायची, निघेल ते समितीपुढे ठेवायचं, एवढंच काम. शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष मी काही हौसेने झाले नव्हते. आमची पिठाची गिरण शाळेच्या वाटेवर आहे, अख्ख्या वाडीशी माझी रोजची गाठ पडते आणि नवरा वर्षातले आठ-नऊ महिने बोटीवर असतो. गावाने ठरवलं, हिला वेळ आहे.

पेटीत बहुतेक वेळा गोळ्यांचे कागद निघायचे. एकदा ‘आमटीत वाटाणे मोजून घालतात’ अशी तक्रार निघाली. ती खरी होती. गणपतीची सुट्टी संपल्यावर पेटी उघडली तेव्हा वहीच्या कोपऱ्याचा एक तुकडा निघाला. त्यावर लिहिलं होतं, ‘मला सगळे पाहुणी म्हणतात.’ खाली नाव नव्हतं.

मी तो बैठकीत वाचून दाखवला. आमच्यातले एक सदस्य म्हणाले, “एवढंच? आम्हाला शाळेत काय काय म्हणायचे ते या बायकांसमोर सांगता पण येणार नाय.”

दुसऱ्या म्हणाल्या, “पाहुणी म्हटलं तर बिघडलं कुठे? चहा विचारत नाहीत म्हणून तक्रार हाय काय?”

सगळे हसले. मीही हसले. गुरुजींनी रजिस्टरात ‘किरकोळ’ असं लिहिलं आणि आम्ही शाळेच्या गळक्या कौलांकडे वळलो.

चिठ्ठी कोणाची ते सगळ्यांना कळलं होतं. जूनमध्ये शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाल्यावर एक बाई आपल्या मुलीला घेऊन भावाकडे राहायला आली होती. सासर दापोलीकडचं. नवऱ्याला सोडून आली हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तसं तोंडावर कोण म्हणणार? आम्ही फक्त विचारायचो, “किती दिवस हायस गो?” ती म्हणायची, “बघू.” जुलैत विचारलं, ऑगस्टमध्ये विचारलं. आपण चौकशी करतो, म्हणजे आपुलकी दाखवतो, अशी आमची समजूत. मुलगी सहावीत बसली. माझी मुलगीही सहावीत.

बैठकीनंतर आठवड्याभराने शाळेतल्या बाई गिरणीवर आल्या. त्यांच्या हातात डबा नव्हता, म्हणजे काम वेगळं होतं. मी पट्टा थांबवला.

“ती मुलगी सहा दिवस आलेली नाही,” त्या म्हणाल्या. “आईला भेटले. ती म्हणते, पुढच्या आठवड्यात बापाकडे पाठवते.”

ज्या घरातून ती बाई एका पिशवीनिशी निघाली होती, त्याच घरात मुलीला एकटीला परत पाठवायची. मला ते पटेना. मी विचारलं, “शाळेत नक्की काय झालंय?”

बाईंनी सांगितलं ते असं. हजेरीत तिचं नाव पुकारलं की मागून आवाज येतो, ‘पाहुण्यांना पाणी द्या.’ वर्ग झाडायची पाळी आली की, ‘पाहुण्यांना काम सांगू नये.’ लंगडीचे गट पाडताना, ‘पाहुण्यांनी बसून बघावं.’ ती बसून बघते. एकही शब्द वाईट नाही. बाईंनी रागावायचं कशावरून? रागावल्या तर मुलं म्हणतात, “बाई, आम्ही मान देतो.”

“सुरुवात कोण करतं?”

“वहिनी, तुमचीच.”

“मग मला आधी का नाही सांगितलंत?”

“अध्यक्षांच्या मुलीची तक्रार अध्यक्षांकडे कशी करायची, तुम्हीच सांगा.”

मी पट्टा पुन्हा सुरू केला.

उन्हाळ्यात तालुक्याच्या गावी आम्हा अध्यक्षांचं एका दिवसाचं प्रशिक्षण झालं होतं. तिथे एक कागद वाटला होता. शाळेत कोणत्या मुलांच्या वाट्याला छळ येण्याचा संभव जास्त, याची यादी. बाई गेल्यावर मी तो शोधून काढला. वर्षाच्या मध्ये आलेलं मूल. ज्याचं बोलणं वेगळं आहे ते. आई-वडिलांपैकी एकाजवळच किंवा नातेवाइकांकडे राहणारं. शाळेत ज्याचं भावंड नाही, जुनी मैत्री नाही. ज्याचा गणवेश, दप्तर इतरांसारखं नाही. मी एकेक वाचत गेले आणि प्रत्येक ओळीला तीच मुलगी दिसत गेली. लहान गावात हे आणखी वाईट. शहरातल्या मुलाला दुसरा वर्ग असतो, दुसरी तुकडी असते. आमच्या शाळेचा पट तीसच्या आत, सहावीत पाच जण. चौघांनी ठरवलं की पाचव्याला जागा उरत नाही. घरी जायची वाटही त्याच चौघांबरोबर.

कागद पाठपोट छापलेला होता. मागची बाजू मी कधी वाचलीच नव्हती. तिथे छळ करणाऱ्या मुलांबद्दल होतं. तिसरी ओळ अशी : ज्यांच्या घरच्यांचं शाळेत वजन आहे, आणि म्हणून ज्यांना कोणी रागावत नाही.

माझी मुलगी शाळेतून आली तशी तिला समोर उभी केली. “त्या मुलीला पाहुणी कोण म्हणतं?”

“सगळेच.”

“पहिल्यांदा कोण म्हणालं?”

तिने माझ्याकडे बघितलं. घाबरलेली नव्हती, उलट गोंधळली होती. “तूच. तूच लिहितेस ना डब्यावर.”

आमच्या गिरणीवर दळणाचे डबे रांगेत लागतात. सगळ्यांचे डबे सारखेच, म्हणून मी झाकणावर खडूने खूण लिहिते. कोणाचं आडनाव, कोणाचं ‘वरचं घर’, कोणाचं ‘दुकान’. या बाईच्या भावाचा डबा आधीपासून होता, त्यावर आडनाव. ती भावाच्या घरात वेगळी चूल मांडून राहिली, तिचा दोन किलो तांदळाचा छोटा डबा वेगळा यायला लागला. तेच आडनाव दोन डब्यांवर लिहिलं तर घोटाळा होणार. पहिल्याच दिवशी मी तिच्या डब्यावर ‘पाहुणी’ लिहिलं. विचारही केला नाही. जुनी खूण पुसली की पुन्हा तेच लिहायची. आणि दळण झालं की माझी मुलगी पायरीवर उभी राहून डबे पुकारायची. गिरणीच्या आवाजात हळू बोलून चालत नाही. ‘पाहुणीऽऽ, तांदूळ झाले!’ ते ऐकून बायका हसायच्या, मुलं हसायची. ती बाई डबा उचलून निघून जायची. अडीच महिने.

मुलीला मारण्यात अर्थ नव्हता. तिला सांगितलं, “मी चुकले. ते मी निस्तरते. पण पाणी द्या आणि बसून बघा, हे तुझं डोकं. ते तू निस्तर.”

“पण मी काही शिवी दिली नाय.”

“तुझ्या मामाकडे तू महिनाभर जातेस. तिथल्या पोरांनी रोज विचारलं, कधी जाणार, तर काय वाटेल?”

ती रडली. मी भाकऱ्या करायला उठले.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या आईकडे गेले. ती पडवीत नाचणी निवडत होती. मी सरळ सांगितलं, शब्द माझ्या गिरणीवरून गेला, चूक माझी. तिने सूप खाली ठेवलं नाही.

“तुम्हाला बोलायचं होतं,” ती म्हणाली. “पण दळायला तुमच्याकडेच यायचं. दुसरी गिरण दोन मैलांवर.”

“पोरीला बापाकडे पाठवू नकोस.”

“मी पाठवत नाय, वहिनी. तीच म्हणते. तिथे आरडाओरडा असतो, पण नावाने तरी हाक मारतात.”

मुलगी आतल्या दारात उभी होती. जुन्या शाळेचा निळा फ्रॉक अंगावर. मी विचारलं, “माझ्या पोरीला माफी मागायला पाठवू?”

“नको,” आईच्या आधी तीच म्हणाली. “परत सगळे बघत बसतील.”

हे मला आवडलं. तिथून मी थेट शाळेत गेले आणि गुरुजींकडे हजेरीपट मागितला. सहावीच्या पानावर चार नावं शाईने, क्रमांकासह. पाचवं सगळ्यात खाली, पेन्सिलने, क्रमांक नाही.

“हे काय?”

“जुन्या शाळेचा दाखला आलेला नाही. वडील देत नाहीत. तोवर तात्पुरतं.”

“दाखला नसला तरी प्रवेश अडत नाही. हे तुम्हीच प्रशिक्षणाला जाताना मला सांगितलंत.”

“अडवला कुठे? बसू दिलंय की. पण उद्या तपासणीला कोण उत्तर देणार, वहिनी?”

“मी देते. लिहा, अध्यक्षांच्या सांगण्यावरून. मी सही करते. आणि गणवेश?”

“मंजूर पटाप्रमाणे आलेत. तिचा नाही आला.”

“माझ्या मुलीला दोन मिळालेत, त्यातला एक तिला देते. एकाच मापाच्या आहेत दोघी.”

गुरुजी वाईट माणूस नाहीत. त्यांनी दौत-टाक काढावं तसं सावकाश पेन काढलं आणि नाव आडनावाच्या क्रमाने बसवायला सगळं पान नव्याने लिहिलं. ती दुसरी आली, माझी तिसरी. तेव्हा मला कळलं की पोरांनी नवीन काहीच शोधून काढलं नव्हतं. वाडीने तिला किती दिवस आहेस म्हणून विचारलं, शाळेने पेन्सिलने लिहिलं, मी खडूने लिहिलं. मुलांनी फक्त मोठ्याने वाचलं.

पुढच्या बैठकीत मी ‘किरकोळ’ हा शब्द खोडायला लावला आणि का, तेही सांगितलं. चहाचा विनोद केलेल्या बाई म्हणाल्या, “एवढं मनाला लावून घ्यायचं काय कारण?” मी म्हटलं, “आपलं पोर दुसऱ्या गावच्या शाळेत बसवून बघू या, मग ठरवू.” त्यानंतर त्या दोन आठवडे दळायला आल्या नाहीत. मग आल्या.

नाव शाईने लिहिल्यानंतरच्या सोमवारी ती मुलगी शाळेत आली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी आली. माझ्या मुलीने तिला लंगडीला आपल्या गटात घेतलं, बाईंच्या सांगण्यावरून की आपणहून, मी विचारलं नाही. मैत्री झाली नाही. दोघी एकाच वाटेने येतात, चार पावलांचं अंतर ठेवून. एक मुलगा अजून मधूनच ‘पाहुणी’ म्हणतो, पण हसायला कोणी नसलं की त्याचं तो गप्प होतो. आता सगळ्यांनी पाचवीतल्या एका जाड्या मुलाला धरलंय. त्याच्याबद्दल या वेळी बाई माझ्याकडे लगेच आल्या.

सहामाही परीक्षेच्या आठवड्यात त्या मुलीचा बाप तिला न्यायला रिक्षा घेऊन आला. मला हे तिच्या आईने सांगितलं, गिरण बंद असताना, मुद्दाम त्या वेळी येऊन. भाऊ शेतावर होता, घरात या दोघीच. बाप अंगणात उभा राहून म्हणाला, कपडे भर, चल.

“मला वाटलं, जाते आता,” ती म्हणाली. “आधी तीच म्हणत होती ना.”

“मग?”

“दारात जाऊन म्हणाली, उद्या माझा गणिताचा पेपर आहे, मला नाही जमणार. आणि आत जाऊन पुस्तक उघडून बसली. तो बराच वेळ थांबला. मग रिक्षावाला म्हणाला, मालक, मला परत भाडं आहे.”

“पेपर कसा गेला?”

“बरा गेला म्हणते. एक गणित चुकलं.”