पायरीवरचा लॅपटॉप

मेलेल्या माणसाचा चेहरा करावा तर आमच्या देवानंदनंच. चुलतभाऊ आहे म्हणून सांगत न्हाई. वडीगोद्रीला हायवेवर कोणत्याही हॉटेलात विचारायचं, लोक त्याच्या फोटो स्टुडिओपर्यंत आणून सोडायचे. आता विचाराल तर म्हणतील, तो झेरॉक्सवाला का?

मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो, हा दहावीला दोनदा बसला आणि दोनदा उठला. मंग त्र्याऐंशी साली जालन्याला मस्तगडात एका स्टुडिओत कामाला लागला. तिथं काचेवर निगेटिव्ह ठेवून टोकदार पेन्सिलीनं सुरकुत्या पुसायच्या, फाटलेलं कपाळ जोडायचं, असलं काम शिकून आला. मी म्हणायचो, "अरे, जित्या माणसाच्या सुरकुत्या पुसशील तर बाया रांग लावतील!" तो म्हणायचा, "दादा, जिता माणूस नाटकं करतो. मेलेला गप बसतो."

पण गप बसायचं ते मेलेल्यानं. त्याच्या घरचे कुठं गप बसतात? तेव्हा खेड्यात कुणाचा सुटा फोटो नसायचा. असला तर कुणाच्या तरी लग्नातला, मांडवाच्या कोपऱ्यात, नखाएवढा. तेराव्याला तर हार घालायला फोटो पाहिजे. देवानंद त्या नखातून माणूस उभा करायचा. आमच्या कडूबाच्या बापाला त्यानं असा कोट चढवला की कडूबाच्या आईनं डोक्यावर पदर घेतला आणि विचारलं, "हे साहेब कोण आलेत?" आणि गोजरबाई! ती आईचा फोटो घेऊन आली. "देवा, आईच्या गळ्यात पुतळ्यांची माळ घाल बाबा."

"मावशी, आजीला माळ होती का?"

"असती तर तुला कशाला सांगितलं असतं?"

घातली त्यानं. पुतळी न् पुतळी वेगळी दिसत होती.

ह्या धंद्याची एक गोष्ट मात्र वाईट. लग्नाचा फोटो बिघडला तर लोक दोन दिवस शिव्या देतात. मेलेल्याचा चेहरा बिघडला तर पुन्हा तोंड बघत न्हाईत, आणि दुसऱ्यांनाही बघू देत न्हाईत. देवानंदनं वीस-बावीस वर्षं तेवढं एक नाव सांभाळलं. अंबड-घनसावंगीच्या गावांत माणूस गेला की आधी गुरुजी आणि मंग देवानंद, असा निरोप जायचा.

पुढं कॉम्प्युटर आले. जालन्याचे पोरंसोरं टीव्हीसारख्या डब्यावर आजोबाचा फेटा लाल करून दाखवायला लागले, हिरवा करून दाखवायला लागले. लोकांना चटक लागली. "आमच्या समोर कर, आम्ही सांगतो तसं कर." म्हणून दोन हजार सहा साली आम्ही दोघं लॅपटॉप घ्यायला जालन्याला गेलो.

दुकानदारानं दोन काढून ठेवले. एक जुना, कंपनीतून आलेला, काळा, विटेसारखा जाड. दुसरा नवाकोरा, रुंद पडद्याचा, असा चकाकणारा की मी त्यात माझ्या मिशा नीट करून घेतल्या. किंमत दोन्हीची जवळजवळ सारखी.

शेठ खरं बोलला, हे मी नाकारत न्हाई. म्हणाला, "देवानंदभाऊ, फोटोचं काम असेल तर हा काळा घ्या. ह्याचा स्क्रीन कुठूनही बघा, बराबर एकच दिसतो. नव्याचा समोरून फर्स्टक्लास, पण वरून-खालून रंग उडतो."

देवानंद खुर्चीवर नव्यासमोर बसला. बघतच राह्यला. "मी तर समोरच बसणार ना," म्हणाला. तरी मनात किडा होताच. "शेठ, नंतर ह्याचा स्क्रीन बदलता येईल का? त्या काळ्यासारखा?"

"का न्हाई? आज चालवा. दोन वर्षांनी धंदा वाढला की टाकू भारीचा."

मी म्हणालो, "अरे, बैल घेताना कुणी विचारतं का, शिंगं नंतर बदलून मिळतील का?" शेठ हसला, देवानंद हसला, आणि आम्ही चकाकणारा घेऊन आलो. रस्त्यानं तो पिशवी पोटाशी धरून बसला होता. बसवाल्यानं सामानाचं तिकीट मागितलं तर म्हणाला, "हे सामान न्हाई."

वर्षभर बराबर चाललं. गिऱ्हाईक स्टुडिओत यायचं, स्टुलावर बसायचं, पडदा बघायचं, खुश होऊन जायचं. मंग कौसल्याबाई गेल्या.

कौसल्याबाई म्हणजे गोदाकाठच्या एका गावातल्या अप्पारावची बायको. गावाचं नाव लिहीत न्हाई, आमच्या पोरीचं सासर तिथलंच. मोठं घर, मोठी शेती. अप्पारावच्या पोरानं, भुजंगनं, निरोप धाडला: मशीन घेऊन इकडंच ये, सगळे पाहुणे बघतील. देवानंदनं पिशवी उचलली, मी सोबत गेलो.

घराला कमरेएवढा ओटा. ओट्यावर सतरंज्या, सतरंज्यांवर पाहुणे. आम्ही पुढं गेलो तसं भुजंग म्हणाला, "या, या. बसा." आणि हातानं पायरी दाखवली. आम्हाला काही नवीन न्हाई. आमच्या बापांना तीच पायरी दाखवायचे, तेव्हा 'या, या' म्हणत नव्हते, एवढी सुधारणा. चहा आला. वर कपबशी, आम्हाला प्लास्टिकचे फेकायचे कप. ते कप ज्यानं काढले त्यानं गावोगावच्या लोकांची फार मोठी अडचण दूर केली.

देवानंदनं मांडीवर लॅपटॉप उघडला. मी त्याच्या खांद्याला खांदा लावून बसलो होतो. काय सांगू! कौसल्याबाई गव्हाळ, डाव्या गालावर वांगाचा डाग, आता बोलतील तेव्हा आधी खाकरतील, असा चेहरा. माझ्या तोंडून 'व्वा' गेलं.

वरून, ओट्याच्या काठावर उभं राहून, भुजंग आणि त्याचा मामा साहेबराव वाकून बघत होते.

"हे काय? पिठात लोळवली काय आईला?" भुजंग म्हणाला.

"माझी बहीण एवढी पांढरी कधी होती?" साहेबराव म्हणाला.

देवानंदनं माझ्याकडं बघितलं. पडदा मागं झुकवला, तर त्यात आभाळ आणि लिंबाच्या फांद्या दिसायला लागल्या. तो उठला. "भुजंगदादा, ओट्यावर ठेवतो ना. समोर बसून बघा. वरून रंग उडतो ह्याचा."

"असू दे, असू दे," साहेबराव घाईनं म्हणाला. "तिथंच बरं आहे. तू रंग कमी कर."

"मामा, मला बराबर दिसून राह्यलाय. खाली येऊन एकदा—"

"आई आमची का तुझी?" भुजंग म्हणाला.

देवानंद रंग दाबत गेला. ते म्हणायचे, अजून. तो म्हणायचा, बस करा. ते म्हणायचे, अजून थोडं. आमच्या डोळ्यांपुढं कौसल्याबाई सावळ्या झाल्या, काळ्या झाल्या, गालावरचा डाग दिसेनासा झाला. मंग वरून आवाज आला, "हां! आता दिसली आई."

तेराव्याला फ्रेम पोचली. संध्याकाळी भुजंग मोटारसायकलवर स्टुडिओत आला आणि फ्रेम काउंटरवर आदळली. काच तडकली. रस्त्यावरच्या हॉटेलातली माणसं ऐकायला उठली, तसा त्याचा आवाज अजून चढला. "चार गावच्या पाहुण्यांत माझ्या आईला काळं फासलं तू! तुम्हा लोकांना शिरजोर कुणी केलं तेच कळत न्हाई!"

देवानंद म्हणाला, "तुम्हीच सांगितलं दादा, अजून, अजून."

"मी आंधळा आहे का?"

संपलं. गोष्ट गावोगाव गेली. ती रंगाची गोष्ट राहिली न्हाई, देवानंदनं मुद्दाम केलं अशी झाली. निरोप यायचे थांबले. त्यानं लॅपटॉप उचलला आणि आम्ही पुन्हा जालन्याला त्याच दुकानात गेलो. "शेठ, स्क्रीन बदला."

शेठच्या कारागिरानं झाकण खोलून बघितलं आणि मान हलवली. भारीचा स्क्रीन ह्यात बसतच न्हाई, वायर वेगळी, जोडणी वेगळी. बसतो तो असाच, वरून पांढरा होणारा.

"तुम्ही तर म्हणाले होते, टाकू म्हणून."

"भाऊ, म्हणलो असेल. सगळेच विचारतात, बदलायला येत कुणी न्हाई."

"आणि तो काळा?"

"तो परतूरचे एक वकील घेऊन गेले. अजून चालून राह्यलाय म्हणतात."

येताना देवानंद एवढंच म्हणाला, "दादा, तो काळा घेतला असता तर पायरीवरून पण जमलं असतं." मला हसू आलं, आणि मंग पाणी प्यावं लागलं.

उन्हाळ्यात एक दिवस अप्पाराव स्वतः आला, एकटा. मी तिथंच बसलो होतो. इकडंतिकडं बघून स्टुलावर टेकला. "देवानंद, कौसल्येचा तो पहिला फोटो आहे का रे? दाबायच्या आधीचा?"

देवानंदनं काढला. म्हातारा कितीतरी वेळ बघत बसला. उपरण्यानं डोळे पुसले. "हीच. अशीच होती. खिशात मावेल एवढा काढून दे."

"अप्पा, आता जरा उभे राहा," देवानंद म्हणाला. "आणि वरून बघा."

अप्पा उभा राहिला. पडद्यावर बायको पांढरीफटक झाली. तो पुन्हा बसला, ती पुन्हा आली. त्याला सगळं कळलं, तोंडावरून दिसत होतं.

"भुजंगदादाला सांगा मंग," देवानंद म्हणाला. "हॉटेलात चार माणसांसमोर सांगा. माझा धंदा गेला अप्पा."

अप्पा खाली बघत म्हणाला, "झालं ते झालं. घरात आता पुन्हा वाद नको." मंग म्हणाला, "आणि तूच वर यायचं होतंस की. तुला कुणी नको म्हणलं होतं का?"

देवानंदनं फोटो काढला, कापला, पाकिटात घातला. अप्पानं पैसे दिले ते मोजून घेतले आणि सुटे परत केले.

त्या घरात आता जालन्याहून करून आणलेला मोठा फोटो आहे. रंग गव्हाळ, अगदी मागितला तसा. नाक दुसऱ्याच कुठल्या बाईचं आहे. पोरीकडं जाताना मी पायरीवरून बघतो, हार रोज ताजा असतो.