बिनखोटीची सायकल

सायकलवाल्यांच्या टोळक्यात किस्से सराट्याच्या काट्यांसारखे लागतात. चालवताना कळत नाही, घरी येऊन टायर बघावं तर ही रांग रुतलेली. आमचं टोळकं रोज सकाळी दौलताबादच्या रस्त्याला लागतं. त्यात मी वयानं सगळ्यात मोठी, म्हणून सगळ्यांची आक्का. शाळा माझी चौथीत सुटली, सोयगावलाच. पुढचं वाचन, इंग्रजी पाट्या, बँकेचं मशीन आणि पन्नाशीनंतर सायकल, सगळं माझं मी शिकले. त्यामुळं कुणी शिकवायला आलं की मी ऐकून घेते. मानायचं की नाही ते नंतर बघते.

*

पहिली सायकल माझ्या लेकानं, सुनीलनं, वाढदिवसाला आणली. रेसिंगची. एका बोटानं उचलावी अशी हलकी, टायर करंगळीएवढं. मी चारी बाजूंनी फिरून बघितली. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँडसुद्धा नाही.

"अरे, ही उभी कशी राहायची?"

"आई, रेसिंग सायकलला स्टँड नसतं."

"रेसवाले थांबत नसतील बाबा. मला मेथी घ्यायला थांबावं लागतं."

दोन वर्षं तिला मंडईत भिंतीला टेकवत फिरले. मग एकदा पावसात, ओल्या पालापाचोळ्यावरनं ती सरकली आणि माझा हात प्लॅस्टरमध्ये गेला. सुनीलनं जाहीर केलं, पावसाळाभर सायकल बंद, रिक्षा लावून देतो. मी म्हटलं, पडली ती सायकल, मी नाही पडले. मला बारमाही चालणारी दुसरी सायकल घ्यायची आहे.

शेवटी तह झाला. दुसरी सायकल मी निवडायची आणि तपासायची त्यानं. त्याला खोट सापडली तर मी मुकाट्यानं रिक्षात बसायचं. आता हा सुनील शेंद्र्याच्या कारखान्यात क्वालिटी खात्यात आहे. खोट काढायचाच पगार घेतो!

*

टोळक्यात विषय काढायची चूक केली. प्रत्येकानं आपल्याला हवी असलेली सायकल मला सुचवली. कुलकर्णी सर, भूगोलाचे रिटायर मास्तर, म्हणाले, "आक्का, गिअरशिवाय घेऊ नका. गिअर म्हणजे चढाला स्वर्ग." अर्धा तास समजावलं. बाटलीच्या झाकणांनी छोटं चाक-मोठं चाकही करून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी घाटाच्या चढावर सर उतरून सायकल ढकलत होते. मी शेजारनं जाता जाता विचारलं, गिअर का नाही टाकला?

सर धापा टाकत म्हणाले, "नवीन आहेत हो. वापरून खराब होतील."

*

मग मी मोठ्या शोरूमला गेले. तिथला पोरगा पांढऱ्याशुभ्र शर्टातला, लई गोड बोलणारा. म्हणाला, मॅडम, ही हायब्रिड घ्या, एकदम ऑल वेदर. मी विचारलं, मडगार्ड कुठंय? तो म्हणाला, आता लागत नाही मॅडम, टायरचं डिझाइनच तसं असतं.

वॉचमननं नुकतंच पार्किंग धुतलं होतं, जागोजागी डबकी. मी म्हटलं, बाळा, एक चक्कर तूच मारून दाखव, मला नीट दिसू दे. त्यानं मारली. पाण्यातनं झोकात गेला, झोकात आला.

"कशी वाटली मॅडम?"

"पुढनं छान आहे. तू जरा मागं वळ बरं."

मानेपासून कमरेपर्यंत चिखलाचा पट्टा. पोरगा गुणी होता, आरशात बघून स्वतःच हसला. शर्ट मी धुवून देते म्हटलं, तर नको म्हणाला.

*

अखेर शकीलभाईच्या दुकानात जमलं. आमच्या सगळ्या टोळक्याच्या सायकली तोच बघतो. त्याच्याकडं एक खालच्या दांडीची होती, लुगडं न अडकणारी. तिला त्यानं जाड टायर लावले, चेनला झाकण घातलं, पुढंमागं लांब मडगार्ड, दोन पायांचं स्टँड. "आपा, अब धूप हो, बारिश हो, काँटे हो, ये रुकेगी नहीं."

कॅरिअर मात्र मला तपासायचं होतं. गिरणीत ज्वारी न्यायची म्हणजे वजन पेललं पाहिजे. सोबत माझी शेजारीण सुमन होती, अंगानं भरलेली. तिला म्हटलं, बस मागं.

"मी? आवं आक्का, माझ्या नवऱ्यानंबी मला कधी डबलसीट नेलं नाय."

बसली. समोरच्या मैदानाला एक फेरी झाली. कॅरिअर हललं नाही, चाक वाकलं नाही. मी थांबून म्हटलं, झालं, उतर आता. सुमननं पदर खोचला, माझी कंबर घट्ट धरली आणि म्हणाली,

"एकदा बघून कसं कळंल? अजून एक मारा की."

*

सायकल घरी आली. सुनीलनं तिच्याकडं बघितलं आणि म्हणाला, दूधवाल्याची वाटते. मी म्हटलं, दूधवाला बारा महिने येतो.

मग त्याची तपासणी. टॉर्च लावून वेल्डिंग बघितलं. बादलीनं पाणी ओतून ब्रेक दाबले. चाक उचलून फिरवलं, कान लावून ऐकलं. मी ओट्यावर बसून शेंगा सोलत होते, पण दाणे टरफलांत टाकत होते. रिक्षात बसणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. दुसऱ्याच्या वेळेला निघायचं, दुसऱ्याच्या वेळेला परतायचं.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "घंटी फार मोठ्यानं वाजते."

"ती माझ्यावर गेलीय. पुढं बोल."

तो हसला, पण हो काही म्हणाला नाही. पाऊस लागल्यावर बघू म्हणाला आणि आत गेला.

*

पाऊस लागला. मी सकाळी खाली गेले, सायकलवर बसले, तर पाय जमिनीला टेकेनात. सीट वीतभर वर. म्हटलं शकीलभाईचा नट ढिला असेल. पण ढिली सीट खाली जाते, वर कशी जाईल? मी ती खाली केली, आवळली आणि फिरून आले.

संध्याकाळी मी सुमनकडं बसायला जाते. दुसऱ्या सकाळी सीट पुन्हा वर. तिसऱ्या सकाळी वर, आणि मडगार्डवर ओला चिखल. घरात आम्ही मायलेक दोघंच.

काल सकाळी मी वाकून सीट खाली करत होते. सुनील चहाचा कप घेऊन गॅलरीत आला. मला वाटलं, आता रिक्षाचं काढतो. तो चहाचा घोट घेऊन म्हणाला,

"आई, पुलाखालनं जाऊ नको. तिथं पाणी साचलंय, आणि पाण्याखाली खड्डा आहे. शाळेच्या गल्लीनं जा."

त्याची कंपनीची बस आमच्या दारातनं सुटते. पुलाकडं ती जातच नाही.